गोदीचा स्फोट आणि उत्तरेला सरकलेलं शहर

अँटॉप हिलवरून समुद्र दिसत नाही. टेकडीच्या अंगाखांद्यावर घरं चढत गेली आहेत, पलीकडे सरकारी वसाहतीच्या इमारती आहेत, पूर्वेला कधीकाळी मिठागरं होती. 'अंतोबा' नावाच्या कुणा जमीनमालकावरून टेकडीला हे नाव पडलं, असं सांगतात. मुंबईचं बंदर म्हटलं की अपोलो बंदर, भाऊचा धक्का, बॅलार्ड पियर डोळ्यांपुढे येतं. अँटॉप हिल कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

पण इथे थोडं फिरलं की बंदर जागोजागी भेटतं. नाडकर्णी पार्कात पोर्ट ट्रस्टच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे आणि तिथेच बंदराचं रुग्णालय. गोदीत आयुष्य काढलेली माणसं म्हातारपणी तिथल्या बाकांवर केसपेपर घेऊन बसतात. शेजारच्या वडाळ्यातून बंदराची स्वतःची रेल्वे निघायची. १ जानेवारी १९१५ पासून ती वडाळ्याला बॅलार्ड पियरशी जोडत होती. शिवडीच्या बाजूला तेलाच्या टाक्या आहेत आणि टेकडीच्या पायथ्याशी धोकादायक रसायनांसाठी बांधलेली गोदामं आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या भागात बंदराचा इतका पसारा का, याची बरीच उत्तरं दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर, मांडवी आणि मशीद बंदरच्या गल्ल्यांत सापडतात. त्या गल्ल्यांवर आघात झाला, की शहर दर वेळी थोडं उत्तरेला सरकलं. त्यांतला सर्वांत भयंकर आघात १४ एप्रिल १९४४ चा. त्या दिवशी शुक्रवार होता.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही. भीती मात्र खरी होती. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा या बंदरांवर हल्ला केला. डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडू लागले. मुंबईत दिव्यांना काळे कागद लागले, खिडक्यांच्या काचांवर पट्ट्या चिकटल्या, 'ए.आर.पी.'चे, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या यंत्रणेचे, स्वयंसेवक रात्री गल्लीतून फिरून उजेड विझवायला लावू लागले. अनेक गिरणगावकरांनी बायकामुलं कोकणात, देशावर गावी धाडली. भोंगा वाजला की जिन्याखाली जायचं, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. सगळं शहर आभाळाकडे नजर लावून होतं.

संकट आलं ते समुद्रातून, आणि आपल्याच बाजूच्या जहाजातून.

'फोर्ट स्टिकिन' हे सुमारे सात हजार टनी मालवाहू जहाज कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट इथे १९४२ मध्ये बांधलं गेलं होतं. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात १,३९५ टन दारूगोळा होता. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे असं बरंच काही. त्यांपैकी २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातला होता. सोबत पेट्यांत बंद केलेली स्पिटफायर लढाऊ विमानं होती. आणखी एक वेगळा माल होता, सोन्याच्या विटा. एकतीस पेट्या, दर पेटीत चार आणि एकेक वीट सुमारे १२.७ किलोची.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. कराचीला जहाजाने आणखी माल घेतला. कापसाच्या ८,७०० गासड्या, वंगण तेलाची पिंपं, लाकूड, मोडीचं लोखंड, माशांचं खत. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना दारूगोळ्याशेजारी कापूस नको होता, पण युद्धाच्या दिवसांत जहाजांत जागा अपुरी होती आणि माल हलवण्याची घाई होती. कापूस आणि बारूद एका जहाजात भरू नये, हे गोदीतल्या साध्या हमालालाही कळत होतं. तरी ते भरलं गेलं.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत पोहोचलं आणि व्हिक्टोरिया गोदीत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागलं. एरवी दारूगोळ्याचं जहाज गोदीबाहेर उभं करून, माल पडावांत उतरवून किनाऱ्यावर आणायची शिस्त होती. युद्धात ती बाजूला पडली होती. धोक्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दोन दिवस गेले, तरी बराचसा दारूगोळा जहाजातच होता.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गोदी कामगार परत आले, तेव्हा दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येताना दिसला. या फाळक्यात कापूस होता आणि दारूगोळाही.

पुढचे दोन तास जे घडलं, ते वाचताना आजही जीव वरखाली होतो. अग्निशमन दलाचे बंब आले. नळ्या फाळक्यात सोडून पाणी मारायला सुरुवात झाली. नऊशे टनांहून अधिक पाणी आत गेलं. पण दाबून बांधलेल्या कापसाच्या गासडीचा स्वभाव असा, की वरून भिजली तरी आत निखारा धुमसत राहतो. शिवाय कापूस पाण्यावर तरंगतो. पाणी वाढत गेलं तशा जळत्या गासड्या वर उचलल्या गेल्या आणि आगीचं तोंड दारूगोळ्याच्या जवळ आलं. धूर इतका दाट होता, की आग नेमकी कुठे आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग एका ठिकाणी फुगून फोड येऊ लागले, तेव्हा आतल्या उष्णतेचा अंदाज आला.

धक्क्यावर अधिकाऱ्यांची गर्दी झाली. जहाज ओढून खोल समुद्रात न्यावं, असं एकाचं मत. जागच्या जागी बुडवावं, असं दुसऱ्याचं. पण गोदीत पाणी इतकं कमी होतं, की जहाज बुडवलं तरी ते पुरतं पाण्याखाली गेलं नसतं. कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल, लष्कराचे दारूगोळा-तज्ज्ञ, सगळे हजर होते. सर्वांना हुकूम देऊ शकेल असा अधिकारी एकही नव्हता. चौकशीत पुढे हे ठळकपणे समोर आलं. या अनर्थात सर्वांत जास्त मन खातं ते हेच. धोक्याची जाण असलेली माणसं तिथे होती, त्यांनी तो बोलूनही दाखवला, आणि निर्णय घ्यायचा कुणी यातच वेळ गेला.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अँटॉप हिल, सायन, माटुंगा सगळे या अंतराच्या आतच येतात. दूर शिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावरही या धक्क्याची नोंद झाली. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला आणि तो पहिल्याहून मोठा होता. सिंदिया कंपनीचं जवळपास चार हजार टनी 'जलपद्म' जहाज पाण्याच्या लोटाने उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदीच्या शेडवर जाऊन पडला. जवळच्या प्रिन्सेस गोदीतल्या जहाजांनीही पेट घेतला. दोन्ही गोद्या मिळून दहाहून जास्त जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. फोर्ट स्टिकिनच्या पंख्याचा एक तुकडा सेंट झेवियर्स हायस्कूलच्या आवारात येऊन पडला.

पेटलेल्या कापसाच्या गासड्या हवेत उडाल्या आणि शेडवर, गोदामांवर, मांडवीतल्या लाकडी घरांवर पडल्या. लाल तापलेले लोखंडाचे तुकडे कौलं फोडून माजघरात शिरले. भोंगे वाजले, आणि लोकांनी शिकवल्याप्रमाणे वर पाहिलं. जपानी आले, असंच सगळ्यांना वाटलं. आभाळात विमान नव्हतं.

एका पारशी गृहस्थाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात आभाळातून सोन्याची वीट येऊन पडली. त्यांनी ती सरकारला परत केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला देऊन टाकलं. मुंबईकर ही गोष्ट आवडीने सांगतात आणि ती खरीही आहे. पण त्या दिवशी आभाळातून सोनं क्वचित पडलं, आग मात्र सगळीकडे पडली, हे विसरून चालत नाही.

'मांडवी' म्हणजे जकातीचं ठाणं. नावातच या वस्तीचा धंदा सांगितलेला आहे. चिंच बंदर, वाडी बंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदर ही नावं पाहिली, तरी किल्ल्याच्या उत्तरेला, पूर्वेच्या किनाऱ्यालगत व्यापाराची दुसरी मुंबई कशी उभी राहिली ते कळतं. खाली पेढी किंवा वखार, वर राहतं घर. कच्छी, भाटिया, खोजा, मेमण, घाटी हमाल, कोकणी गोदी कामगार. मिरचीचा ठसका, धान्याची धूळ, बैलगाड्यांची दाटी. व्हिक्टोरिया टर्मिनसचे घुमट किंवा फोर्टमधल्या दगडी इमारती जितक्या छायाचित्रांत आल्या, तितकी ही मुंबई आली नाही. पण शहराचं पोट इथूनच भरत होतं.

या वस्तीवरचा तो पहिला घाव नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पहिल्यांदा मांडवीतच दिसला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यातून १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या फोडून रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथे नव्या वस्तीच्या योजना आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल यांची मुळं त्या प्लेगात आहेत. शहर उत्तरेला सरकलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

दुसरा घाव बसला तेव्हा आग विझवायला तीन दिवस लागले, आणि ढिगाऱ्याखाली ती त्यानंतरही धुमसत होती. पहिल्या स्फोटातच धक्क्यावरचे बंबवाले मारले गेले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. हातात नळी धरून ते जहाजाच्या अगदी जवळ उभे होते आणि हुकूम येईपर्यंत कुणी जागा सोडली नव्हती. उरलेल्या शहराने मग सैनिक, खलाशी, पोलिस, विद्यार्थी, व्यापारी अशी मिळतील तितकी माणसं कामाला लावली. जे. जे., जी. टी. आणि सेंट जॉर्ज ही रुग्णालयं गोदीच्या परिघातच होती. जखमींचा लोंढा तिकडे वळला.

मृतांचा आकडा आजही एक नाही. ८०० पासून १,३०० पर्यंतचे अंदाज आहेत. गोदीच्या निरनिराळ्या सेवांतली आणि अग्निशमन दलातली मिळून २३१ माणसं मेली, ही नोंद पक्की आहे, कारण ती माणसं पगारपत्रकावर होती. पण गोदीतली बरीचशी कामं तेव्हा टोळीवाल्यांमार्फत चालत. सकाळी टोळीवाला माणसं गोळा करी आणि जहाजावर नेई. अशा रोजंदारीच्या माणसाचं नाव कुठल्या कायमच्या वहीत नसे. तो संध्याकाळी खोलीवर परतला नाही, तर त्याची नोंद गावाकडच्या घरात झाली, सरकारी कागदावर झालीच असेल असं नाही. म्हणून हा आकडा कधीच पुरा होत नाही.

नुकसान किती? सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. सहा हजारांच्या आसपास पेढ्या आणि धंदे उद्ध्वस्त झाले, पन्नास हजार लोकांचा रोजगार गेला. ५५,००० टन धान्य जळालं किंवा नासलं. हा शेवटचा आकडा त्या काळात ठेवून पाहायला हवा. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू होतं, माणशी धान्य मोजून मिळत होतं. अशा वेळी दाणाबंदरची कोठारं जळाली.

सरकारने बातमी दाबली. युद्धाचा काळ, शत्रूला कळू नये हे कारण. पण जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, बातमी फोडली. जगातल्या वाचकांना सविस्तर वृत्तान्त मिळायला मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडला. मुंबईत मात्र लपवायला काही उरलं नव्हतं. धुराचा खांब सगळ्या शहराला दिसत होता. अधिकृत माहिती नव्हती, तिथे अफवा शिरल्या. घातपात झाला, पाणबुडी आली, आणखी जहाजं फुटणार आहेत. भरलेले टांगे आणि लोकल गाड्या शहराबाहेर निघाल्या.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कापसाला अपघाताने आग लागली, बहुधा कुणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटने, असा निष्कर्ष निघाला. मूळ चूक मात्र त्या थोटकाची नव्हती. कापूस आणि बारूद एकत्र भरू देणाऱ्या, जहाज भर गोदीत आणू देणाऱ्या आणि आग लागल्यावर कुणाचा शब्द चालेल हे न ठरवणाऱ्या व्यवस्थेची ती चूक होती.

उभारणीकडे वळलं की चित्र पालटतं, निदान गोदीपुरतं. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या १९ व्या शतकात बांधलेल्या गोद्या म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या पूर्वेकडच्या युद्धाची नाळ होती. त्या बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. आठ हजार माणसं सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला गेला. बुडालेली जहाजं कापून किंवा तरंगवून काढली, गाळात रुतलेले न फुटलेले गोळे शोधले, रुळांच्या ओळी सरळ केल्या. वर्ष सरण्याआधी गोद्यांत पुन्हा जहाजं लागू लागली. पाणबुडे, क्रेनवाले, हमाल, सैनिक, अभियंते यांचं हे काम युद्धातल्या कुठल्याही मोठ्या लढाईइतकंच कष्टाचं आणि जोखमीचं होतं. एप्रिलच्या उन्हात त्यांनी सुरुवात केली आणि अख्खा पावसाळा चिखलात काढला. त्यांच्यावर पुस्तकं निघाली नाहीत, आणि ती निघायला हवी होती, असं ढिगाऱ्याचा आकडा वाचला की वाटत राहतं.

नागरिकांच्या नुकसानीचं काय? नेहमीच्या आगविम्यात स्फोटाने किंवा युद्धाने झालेली हानी सहसा धरलेली नसे. त्यामुळे विमा कंपन्या आणि व्यापारी यांच्यात न संपणारे दावे उभे राहण्याची चिन्हं होती. सरकारने १९४४ मध्येच खास अध्यादेश काढून भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली. ज्यांच्याकडे मालाच्या पावत्या होत्या, घराचे कागद होते, त्यांना दावा सांगता आला. भाड्याच्या खोलीत ट्रंक आणि चार भांडी असलेल्या हमालाकडे कसले कागद असणार?

त्याच १९४४ मध्ये युरोपातल्या एका शहराचीही राख होत होती. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतच्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केलं. योगायोग असा, की त्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडेच्या छावणीत राहत होते. आपली राजधानी मातीत मिसळत असल्याच्या बातम्या त्यांनी पंचगंगेच्या काठी ऐकल्या. युद्धानंतर पोलिश लोकांनी वॉर्साचं जुनं शहर वीट न् वीट पुन्हा उभं केलं. १८ व्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराची शहरदृश्यं आणि वास्तुविशारदांनी जपलेले जुने नकाशे पुढ्यात ठेवून दर्शनी भिंती बांधल्या गेल्या. १९८० मध्ये युनेस्कोने त्या पुनर्बांधणीलाच जागतिक वारसा मानलं.

मांडवीची तशी चित्रं कुणी काढली नव्हती. तिच्या वखारींचे नकाशे जपावेत, असं कुणाला वाटलं नव्हतं. जिथे जागा मोकळी झाली तिथे सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, अरुंद गल्ल्यांत पुन्हा पेढ्या लागल्या, व्यापार चालू झाला. याला मुंबईचं धैर्य म्हणायची पद्धत आहे. त्यात गरजेचा वाटा जास्त होता, असं म्हणणं खऱ्याच्या अधिक जवळ जाईल. दुकान उघडलं नाही तर चूल पेटणार नव्हती. जुनं रूप परत आणायचं की नाही, हा प्रश्न विचारण्याइतकी सवड त्या वस्तीला मिळालीच नाही.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा अनुभव मुंबईच्या अधिक जवळचा आहे. ६ डिसेंबर १९१७ ला तिथल्या बंदरात 'माँ ब्लाँ' हे दारूगोळ्याचं जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटलं आणि फुटलं. सुमारे १,८०० माणसं मेली. तिथे बेघर झालेल्यांसाठी 'हायड्रोस्टोन' नावाची आखीव वसाहत बांधली गेली. काँक्रीटच्या ठोकळ्यांची घरं, समोर हिरवळ. आजही ती उभी आहे. मुंबईत त्या ८०,००० बेघरांच्या नावाने ओळखली जाणारी एकही वसाहत नाही. काही जण नातेवाइकांकडे गेले, काही गावी गेले, बाकीचे शहरात जिथे सावली मिळाली तिथे पांगले.

गोदीच्या आतला बदल दगडविटांपेक्षा हळू झाला, पण खोल गेला. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. १९५१ मध्ये मुंबईसाठी त्याची योजना आली आणि डॉक लेबर बोर्डाच्या वहीत कामगारांची नावं चढू लागली. टोळीवाल्याच्या मर्जीवरचा माणूस नोंदणीकृत झाला. हा कायदा स्फोटामुळे आला असं म्हणता येणार नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची कामगार चळवळ होती, संप होते, प्लासिड डिमेलो यांच्यासारखे पुढारी होते. गोदीला लागून जाणाऱ्या फ्रिअर रोडला आज त्यांचं नाव आहे, पी. डिमेलो रोड. पण १९४४ मध्ये जी माणसं मोजताही आली नाहीत, तशी माणसं पुढे मोजली जाऊ लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोदीबाहेर, मशीद बंदरमध्ये पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्यापर्यंत थांबावं लागलं. अण्णासाहेब पाटलांची ती लढाई याच गल्ल्यांतून उभी राहिली.

मग बाजारच उठला. १९८० आणि १९९० च्या दशकांत कांदा-बटाटा, मसाला, धान्य असे घाऊक बाजार मशीद बंदर परिसरातून खाडीपलीकडे वाशीला गेले. कारण गर्दीचं होतं, वाहतुकीचं होतं, आणि दाट वस्तीत माल कोंबून ठेवण्याच्या धोक्याचंही होतं. तेल, रसायनं, ज्वालाग्राही माल यांच्यासाठी शहराने पूर्व किनाऱ्यावरच, पण उत्तरेकडे जागा शोधली. शिवडी, वडाळा, अँटॉप हिल. मांडवीत नको असलेला धोका इकडे आला. तेव्हा इथे वस्ती विरळ होती, मिठागरं होती. आता टेकडीवर घराला घर लागलं आहे, खाली शाळा-कॉलेजं आहेत, उंच इमारती आहेत.

४ ऑगस्ट २०२० ला बेरूतच्या बंदरात गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, आणि शहराचा जुना मध्यभाग काचांच्या ढिगाऱ्यात बुडाला. तिथेही धोक्याचे इशारे कागदावर होते, अधिकारी होते, आणि माल हलवायचा कुणी हे ठरलं नव्हतं. मुंबईच्या १९४४ च्या दुपारी धक्क्यावर झालेली चर्चा तिथे सहा वर्षं चालली, एवढाच फरक. अँटॉप हिलच्या रहिवाशांनी आपल्या आसपासच्या गोदामांत काय साठवलं आहे आणि आग लागली तर कुणाचा हुकूम चालेल, हे विचारणं म्हणून अगत्याचं आहे. त्यासाठी कुणाला घाबरट म्हणायचं कारण नाही.

१४ एप्रिल ही तारीख मुंबईत निळ्या झेंड्यांची असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ मध्ये याच तारखेचा. १९४४ मध्ये ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दादरच्या दिशेने मिरवणुका निघत असतात, तेव्हाच भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारकापुढे जवान रांगेत उभे राहतात. त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तिथून २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. देशातल्या कितीतरी शाळांत त्या आठवड्यात मुलांना आग विझवण्याची प्रात्यक्षिकं दाखवतात. ती तारीख मुंबईच्या गोदीतून आली, हे त्या मुलांना सांगितलं जातंच असं नाही.

गोदीने आपली गुपितं सावकाश बाहेर टाकली. गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडत राहिल्या, १९७० च्या दशकात आणि अगदी २०११ मध्येही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ४५ किलोचा एक जिवंत तोफगोळा मिळाला. सदुसष्ट वर्षं तो चिखलात पडून होता. तो निकामी करण्यात आला.

आता व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या गोद्या पाण्याच्या उरलेल्या नाहीत. कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून त्या भरून काढल्या गेल्या. मोठी जहाजं न्हावाशेव्याला जातात. पोर्ट ट्रस्टचं नाव बदलून पोर्ट ऑथॉरिटी झालं आहे आणि तिच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जमिनीचं पुढे काय करायचं, याच्या योजना निघत असतात. त्या योजनांच्या नकाशांत बागा असतात, धावण्याचे मार्ग असतात, नौकाविहार असतो. ४ वाजून ६ मिनिटांनी जिथे नळ्या धरलेली माणसं उभी होती त्या जागेची खूणही त्या नकाशांत असायला हवी.

वडाळ्याच्या बाजूने पूर्व मुक्तमार्गावर चढलं, की गाडी शिवडीच्या टाक्यांवरून, कॉटन ग्रीनच्या गोदामांवरून, माझगावच्या छपरांवरून दक्षिणेला धावते. २०१३ मध्ये हा रस्ता खुला झाला. तो जिथे खाली उतरतो त्या जागेचं नाव ऑरेंज गेट. ते गोदीच्या एका दरवाजाचं नाव आहे. उतारावर गाड्या हळू होतात, डावीकडे भिंतीपलीकडे रंगीत कंटेनरांची उतरंड दिसते, आणि सिग्नल सुटला की सगळे फोर्टकडे निघून जातात.